कसर

अल्फियादू पुन्हा आला.
सायकल बाहेर नारळाला टेकवली,
मागची रेक्झिनची उशी काढून काखेत घेतली,
सायकलीआधी उशी चोरीला जाते क्वेलिमानेत,
आणि माझ्या खिडकीच्या गजाला कपाळ लावून म्हणाला,
"अजून आहे."

चोवीस गोळ्या. सकाळी चार, रात्री चार, तीन दिवस.
नारळाच्या दुधातल्या भातावर घेतल्या, सांगितलं होतं तसं.
रिकामं पाकीटही आणलं होतं त्यानं,
पोर गृहपाठ दाखवतं तसं.
चोवीस भोकं. एकही चुकलेलं नाही.

बोट टोचलं.
पट्टीवर दोन रेघा उमटल्या आणि तो दचकला.
तिचं मनावर घेऊ नको, मी म्हटलं,
मेलेलेसुद्धा तिला कितीतरी दिवस आठवत राहतात.
काचेचं खरं.

मग काच. गिम्झाचा जांभळा, तेलाचा थेंब.
एक डोळा मिटून मी उतरले त्याच्या रक्तात
आणि चालत राहिले.
पांढऱ्या पेशी मोजल्या, दोनशे,
विश्वास बसेना म्हणून पुन्हा दोनशे.
ती बारीक अंगठी, एक खडा बसवलेली,
कुठेच नाही.
झाडून घेतलेलं अंगण नुसतं.

वहीत लिहिलं: निगेटिव्ह.
चांगला शब्द. महिन्याच्या अहवालात तो जितका जास्त
तितकी आम्हाला शाबासकी.
अल्फियादूनं तो उलटा, माझ्या बाजूनं वाचला,
भुवयांच्या मधोमध दोन बोटं दाबली
आणि विचारलं,
"मग हे कोणाचं?"

टायफॉइडचं असेल. आणखी कशाचं असेल,
ज्याचं नाव कळायला रक्ताला बाटलीत बसून
बैराला जावं लागतं,
आणि बाटल्या एप्रिलपासून आल्या नाहीत.
यातलं मी काहीच बोलले नाही.
म्हटलं, कसर असेल. जाईल.

केवढा सोयीचा शब्द.
तापाची राहते, हिशेबाची राहते, लोकरीला लागते.
कोणाच्या कामात राहिली
ते सांगावं लागत नाही.

चारला दवाखाना बंद.
तो नारळाखाली बसूनच होता.
"चला दोना एर्मेलिंडा, सोडतो. आजचं तिसरंच भाडं."
मी बसले मागे.
नदीच्या कडेनं रस्ता जातो. शुभचिन्हांची नदी,
असं नाव ठेवून गेला कोणी दर्यावर्दी.
त्या दिवशी त्याचं डोकं दुखत नसावं.

प्रत्येक खड्ड्याआधी अल्फियादू मान खांद्यांत ओढून घेई,
डोक्यात काठोकाठ भरलेली घागर असावी
आणि हिंदकळू द्यायची नसावी तसा.
तोल जाऊ नये म्हणून मी त्याच्या पाठीवर हात टेकला.

शर्टातून आलं ते.
अकरा वर्षं मी या गावाचं रक्त बघते
काचेवर, थंड, एका बाजूला पसरलेलं.
पाठ आकडा सांगत नाही.
पाठ भाजते.

"थांब," म्हटलं. उतरले.
त्याला उशीवर बसवलं, हँडल मी धरलं
आणि ढकलत निघाले. पांढरा कोट, सुटलेलं पोट, चिखल.
बाजाराच्या कोपऱ्यावर बाकीच्या सायकलवाल्यांनी
एकदम घंट्या वाजवल्या.
"आता भाडं मी द्यायचं की तुम्ही?" मागून तो.
हसायला गेला आणि कळ आली असावी,
कारण मग गप्प झाला,
समोरच्या रिकाम्या सीटवर कपाळ ठेवलं त्यानं
आणि तसाच राहिला, चिंचेच्या झाडापर्यंत,
पुलापर्यंत,
त्याच्या दारापर्यंत.

उद्या ये, पुन्हा टोचू, मी म्हटलं.
त्यानं दहाही बोटं वर केली.
"कुठलं?"

सकाळी वही उघडली.
निगेटिव्हच्या पुढचा रकाना आम्ही कोराच सोडतो.
त्यात लिहिलं:
ताप आहे. पाठीला हात लावून पाहिला.